अ‍ॅनिलिनची खोली

अमरावती
१२ एप्रिल १९६३

ती. बाईस,
धाकटा भाऊ देवमनचा सप्रेम जयभीम.

पोचलो, जेवलो, झोपलो. या तीन गोष्टी तुला सगळ्यात आधी पाहिजे असतात म्हणून आधीच लिहून टाकतो. घरमालकीण गोदाबाईंची खोली मागच्यासारखीच आहे. माडीवर, तापलेल्या तव्यासारखी.

आता कामाचं सांगतो. कॉलेजला सुट्टी लागली, सगळी इमारत रिकामी आहे. केशवराव सरांनी नागपूरहून एक यंत्र उसनं आणलं आहे. थेंबभर द्रव काचेवर ठेवायचा, दुर्बिणीसारख्या नळीतून पाहायचं, अर्धं गोल काळं दिसतं आणि अर्धं उजळ. त्या दोघांची शीव बरोबर फुलीवर आणली की त्या द्रवात प्रकाश किती वाकतो ते कळतं. दशांशाच्या चौथ्या घरापर्यंत! दुसरं यंत्र सरांनी इथंच जुळवलं. दोन पितळी पत्रे, मधे द्रव, आणि तो द्रव विजेला किती धरून ठेवतो ते मोजायचं. मी अल्कोहोल आणि अ‍ॅनिलिन, म्हणजे रंग करायला लागणारा एक तेलकट द्रव, मिसळतो. नऊ भाग हे, एक भाग ते, मग आठ-दोन, असं शेवटपर्यंत. चार जातींची अल्कोहोलं आहेत, आणि प्रत्येक मिश्रण दोन्ही यंत्रांवर मोजायचं.

तू म्हणशील, दोन पातळ पदार्थ मिसळले तर मधला आकडा येईल, त्यात मोजायचं काय? तिथंच तर गंमत आहे. येत नाही! अल्कोहोलचा कण अ‍ॅनिलिनच्या कणाचा हात धरतो, आणि किती घट्ट धरतो ते या दोन आकड्यांतून समजतं. आपल्याकडे हे कोणी केलेलं नाही. मी करतो आहे.

यंत्र ३१ मे ला परत जाणार. तोवर सगळी मापं झाली तर प्रबंध, नाहीतर घरी. उन्हाळ्यात हे काम म्हणजे छळ आहे. खिडकीला वाळ्याची टट्टी होती ती मी काढून टाकली, कारण तिच्या ओलाव्यानं अल्कोहोल पाणी पितं. बाहेरच्या झळेनं यंत्राचं तपमान हलू नये म्हणून खिडक्या लावून घेतल्या आणि फटींत चिंध्या कोंबल्या. खुशालराव शिपाई म्हणतात, "साहेब, तुमी माणूस आहा का कोंबडीचं अंडं, उबवून राहिले सोताले?"

एक काम कर. यंत्राची काच पुसायला मऊ जुनं सुती कापड लागतं, बाजारातल्यानं चरे पडतात. मायचं जुनं लुगडं पेटीत असेल तर त्यातलं पाठव. पत्र कॉलेजवर टाक.

बाबांना जयभीम. डोकं जरा दुखतं, पण ते नळीत पाहून पाहून.

तुझा,
देवमन


अकोला
१८ एप्रिल १९६३

चि. देवमनले आशीर्वाद आणि जयभीम.

लुगड्याचे चार फडके धाडले. फाडताना हात थांबला होता, पण माय म्हणली असती, "पोराच्या शिक्षणाले लागते ना, मंग फाड." हिरव्या काठाचा भाग म्या ठेवून घेतला. तेवढा तुले भेटणार नाही.

तुहं पत्र दोनदा वाचलं. दवाखान्याच्या नोकरीवरून आली, पाय सुजले होते, तरी वाचलं. किती पुणेरी लिहितं रे बाबू! बाबाले वाचून दाखवलं तर ते मले विचारते, "हे आपल्याच देवमननं लिहिलं का कोण्या वकिलानं?" माह्याजवळ आपल्या बोलीत लिहीत जाय. तू पुस्तकासारखा बोलाले लागला का मले वाटते, पोट्टा काईतरी झाकून राहिला.

बाबाचं एक म्हणणं आहे, ते लिहिल्याशिवाय ते मले जेवू देत नाहीत. अल्कोहोल म्हणजे दारूच ना? म्या समजावलं का ती शिशीतली आहे, प्याची नाही, आमच्या दवाखान्यातबी स्पिरिट असते. पण दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पेते. कापसाच्या जिनिंगमधले बाबाचे ते दिवस तू लहान होता म्हणून तुले अर्धे ठाऊक आहेत. माय कशी दरवाज्यात बसून राहे, ते म्या पाह्यलं. छप्पन्न साली दीक्षा घेऊन नागपूरहून आले आणि मंग थेंबाले शिवले नाहीत. म्हणून त्यायले भ्याव वाटते, आणि खरं सांगू, मलेबी वाटते.

डोकं दुखते तर डोळे तपासून घे. उन्हात जाताना डोक्याले ओला फडका बांधत जाय. भैताडासारखा उघड्या डोक्यानं फिरू नको.

तुही,
बाई


अमरावती
३० एप्रिल १९६३

बाई,

फडके भेटले. अव, काय सांगू, लोण्यासारखे आहेत! काचेवर एक चरा नाही. तुझं ऐकतो आहे, आपल्या बोलीत लिहायचा प्रयत्न करून राहिलो, पण कॉलेजात राहून जीभ दोन ठिकाणची झाली.

मेथिल आणि एथिल दोन्ही संपले. आलेखावर ठिपके मांडले आणि सरांना दाखवले. रेघ सरळ जायला पाहिजे होती, ती मधेच पोट काढून वर गेली. सर म्हणाले, "देवमन, हे तुमचं आहे बरं का." बाई, त्या दिवशी मी जेवलो नाही, भूकच लागली नाही.

अ‍ॅनिलिन तसं नखरेल प्रकरण आहे. ऊर्ध्वपातन करून काढलं की पाण्यासारखं स्वच्छ, आणि तीन दिवसांत कडक चहासारखं होतं. मग पुन्हा काढा. वास सडक्या मासळीचा, पण आता मला येतच नाही. काचनळीत तोंडानं ओढून मापावं लागतं, एखादेवेळी जिभेला लागतं, थुंकून टाकतो. तूच म्हणालीस तसा ओला फडका डोक्याला बांधतो. वेगळा कशाला पाहिजे? काच पुसायचाच पाण्यात बुडवून, पिळून, डोक्यावर. बंद खोलीत तेवढाच थंडावा. दिवसभर तोच काचेवर आणि तोच डोक्यावर.

डोकं मात्र अजून दुखतं. डोळे दाखवले, चष्मा नको म्हणाले. परवा गोदाबाई म्हणाल्या, "जांभळं खाऊन आले का हो, ओठ कसे झाले?" आता एप्रिलात जांभळं कुठून येतील? म्हातारीला दिसत नाही. हसलो आणि माडी चढलो.

दोन अल्कोहोलं राहिली. महिना आहे. होईन.

तुझा,
देवमन


अकोला
६ मे १९६३

देवमन,

आशीर्वाद मंग देईन, आधी हे वाच.

तुही पत्रं एक सांगते आणि गोदाबाईचं कार्ड दुसरं सांगते. काल आलं. तिनं पोस्टमनकडून लिहून घेतलं. म्हणते, "तुमचा भाऊ दिवसाउजेडी झोकांड्या खात घरी येते. दोनदा पायरीवर बसला. अंगाले दारूचा वास येते. मी विधवा बाई, माह्या घराले बट्टा लावू नका." देवमन, मी ते कार्ड हातात घेऊन वॉर्डात उभी होती आणि मले समोरचा पेशंट दिसेना.

तू मले सांगितलं का पायरीवर बसला म्हणून? नाही. भूक लागत नाही, ते मात्र हसून सांगतं. बाबाबी पयले हसूनच सांगत. भूक नसणं, डोकं जड होणं, पाय लटपटणं, म्या हे सारं आपल्या घरात पाह्यलं आहे, मले नको शिकवू. चार जातीच्या दारूच्या शिशा तुह्या पुढे, खोली बंद, पाहाले कोणी नाही. एक दिवस चाखून पाह्यली असंन. माणूस तसाच सुरू करते.

आणि दारूबंदी आहे, हे इसरला का? पोलिसानं रस्त्यात धरलं तर कोणता प्रबंध आणि कोणतं कॉलेज? त्यायले तर निमित्तच पाहिजे. आपल्यातला एक पोट्टा एवढा वर गेला, त्याले खाली आणाले किती वेळ लागते?

बाबाले म्या अजून सांगितलं नाही. सांगितलं तर ते मरतीन. पंचशील तोंडपाठ म्हणणारा माणूस रोज संध्याकाळी तुहं नाव घेते. त्यायच्या नावानं मले खरं लिही. मी मारणार नाही. पण खोटं लिहिलं तर तोंड पाहणार नाही.

बाई


अमरावती
१० मे १९६३

ती. बाईस जयभीम.

आपले पत्र मिळाले. मी दारू पीत नाही. प्यायलेली नाही. याउपर मला काही लिहायचे नाही, असे ठरवून चार ओळी लिहिल्या होत्या, त्या फाडल्या.

बाई, तूसुद्धा? जगानं म्हटलं असतं तर चाललं असतं. त्या शिशांतली मेथिल प्यालो तर डोळे जातात, एवढं तरी मला समजतं की नाही?

आणि ऐक, तू एकटी नाहीस. कोणीतरी सरांकडेही कागाळी केली. मंगळवारी सरांनी बोलावलं. कागद दाखवला नाही, पण म्हणाले, "देवमन, माझा तुमच्यावर विश्वास आहे, पण लोकांच्या तोंडाला हात लावता येत नाही. अल्कोहोलच्या बाटल्या येणाऱ्याजाणाऱ्याला दिसायला नकोत. सगळं सामान आतल्या कोठीच्या खोलीत हलवा आणि तिथंच काम करा. कुलूप राहील." त्यांनी माझ्या भल्यासाठीच केलं. पण त्या कोठीला खिडकीच नाही, बाई. छताजवळ वीतभर झरोका, तोही रंगानं बंद झालेला. ऊर्ध्वपातन तिथंच, मोजणं तिथंच. ज्यानं कोणी ही कागाळी केली त्याचं कधी भलं होणार नाही.

आता जे लिहितो ते कोणाले सांगू नको. मले भ्याव वाटून राहिलं.

नळीत पाह्यलं का काळ्या-उजळाची शीव थरथरते. एकाच्या दोन दिसते. पयले वाटलं यंत्र बिघडलं, मग डोळे चोळले, मग समजलं का माहं डोकंच हालून राहिलं. छाती अशी धडधडते का कोठीत मले तिचा आवाज ऐकू येते. चार पायऱ्या चढलो तर धाप लागते. काल दाढी करताना आरशात पाह्यलं, गोदाबाईले चांगलंच दिसते. ओठ जांभळे आहेत. नखंही. हात धुतले, घासले, रंग नाही, आतूनच आहेत. नथ्थू काकाचे असेच झाले होते ना, मरायच्या आधी? त्याले हृदयाचं होतं. आपल्या घराण्यात आहे का ते? मी सव्वीस वर्षांचा आहे, बाई.

सराले सांगितलं तर ते काम थांबवतीन आणि यंत्र परत जाईन. डॉक्टरकडे गेलो तर तो वास घेईन आणि तू जे समजली तेच तोही समजंन. म्हणून कोणाकडे जात नाही. प्रोपिल संपलं. ब्युटिल राहिलं. फक्त ब्युटिल.

देवमन


अकोला
१४ मे १९६३

माह्या देवमन,

हे पत्र उभ्या उभ्या वाच आणि वाचता वाचता त्या खोलीतून भाईर निघ.

तुहं हृदय नाही. दारू नाही. मी चुकली. तुले अ‍ॅनिलिन चढून राहिलं.

कसं समजलं ते सांगते, म्हणजे तू वाद घालणार नाही. आमच्या बाळंतिणीच्या वॉर्डात मोठ्या सिस्टरचा एक नेम आहे. नव्या लंगोटावर दवाखान्याचा शिक्का मारला का तो उकळून वाळवल्याबिगर बाळाले घालाचा नाही. नवीन पोरी कुरकुर करतात. काल एकीनं विचारलं, काहून? तर सिस्टर म्हणल्या, त्या शिकत होत्या तिथं एकदा ताजा शिक्का मारलेले लंगोट घातले आणि पाच बाळं एका दिवसात निळे पडले. ओठ निळे, नखं निळे. डॉक्टर हृदय तपासत बसले. शाई होती, शाईत अ‍ॅनिलिन होतं, ते कातडीतून आत गेलं. माह्या हातातला लंगोट खाली पडला. म्या विचारलं, "मोठ्या माणसाले होते का?" तर म्हणल्या, "कातडी सगळ्यायलेच असते."

देवमन, तू फडका डोक्याले बांधतं! ज्यानं काच पुसतं तोच! आणि बांधाले म्याच सांगितलं, मायचा फडकाबी म्याच धाडला. नळी तोंडानं ओढतं. बंद कोठीत त्याची वाफ घेतं. डोकं दुखणं, झोकांड्या, धाप, सारं त्याचंच आहे. रक्त काळं पडते, त्यात हवा धरायची ताकद राहत नाही. आणि अल्कोहोलच्या वाफेनं ते आणखी चढते.

आता मी सांगते ते कर. अंगावरचे कपडे काढ. थंड्या पाण्यानं, साबण लावून, डोक्यापासून आंघोळ कर, गरम पाणी नको. नखं काप. फडके जाळ, मायचे आहेत म्हणून ठेवू नको. मंग सरळ मोठ्या दवाखान्यात जाय आणि डॉक्टरले हे पत्र दाखव. त्यायले सांग, अ‍ॅनिलिन. रक्त काढून पाहा म्हणा, तपकिरी दिसंन. मिथिलीन ब्लू नावाची सुई आहे, शिरेत देतात, निळ्यावर निळीच दवाई, पण तीच लागते.

ब्युटिल राहिलं तर राहू दे. शिर सलामत तर पगडी पचास. एक मापसुद्धा घेऊ नको. तुह्या पाया पडते.

मले आणखी एक सांगाचं आहे, पण ते आता नाही. आता फक्त निघ.

तुही,
बाई


अकोला
३ जून १९६३

चि. देवमनले आशीर्वाद.

बारा दिवस तुह्या उशाशी बसली आणि तोंड उघडलं नाही. आता शंभर किलोमीटर लांब येऊन लिहून राहिली. अशी तुही बाई.

अठरा तारखेचं मनातून जातच नाही. खुशालराव मले वॉर्डाच्या ओट्यावर बसून सांगत होता. दुपारी कोठीचं दार ढकललं तर तू टेबलाखाली पडला होता, तोंड शाईसारखं. दवाखान्यात नेलं तर तिथल्या पयल्या डॉक्टरनं वास घेतला आणि कागदावर दारू असं लिहिलं. बाजूले टाकून ठेवलं तुले, उतरंन म्हणून. खुशालरावनं हवा घालाले तुहा सदरा उघडला आणि खिशात माहं पत्र सापडलं. त्याले वाचता येत नाही, पण म्हणे, "बहिणीचं आहे, पाहा तरी." दुसऱ्या डॉक्टरनं पाह्यलं आणि सुई टोचून रक्त काढलं. काकवीसारखं निघालं. मंग सारे धावले. तार भेटली तशी मी रातच्या गाडीनं बडनेऱ्याले उतरून पोचली तोवर तुह्या ओठावर गुलाबी यायले लागलं होतं.

चवदा तारखेचं पत्र अठराले पोचते! चार दिवस! इथून तिथं माणूस पायी गेला असता. मी डाकवाल्यायले शिव्या देते, मंग सोताले देते. तार काहून नाही केली म्या? सांगते. तार कॉलेजात गेली असती, सरानं वाचली असती, तुहं काम गेलं असतं असं वाटलं. आणि दुसरं. सराले माहं नाव दिसलं असतं, आणि ते तुले एक गोष्ट सांगून बसले असते.

कागाळी म्या केली, देवमन. गोदाबाईचं कार्ड आलं त्याच दिवशी सराले लिहिलं. "माझा भाऊ व्यसनाच्या नादी लागला आहे, कृपा करून बाटल्या कुलपात ठेवाव्या." पुस्तकी भाषेत लिहिलं. मले वाटलं, कुलूप लागलं का तू वाचशीन. त्यायनं कुलूप लावलं आणि तुले त्याच्या आत बसवलं. खिडकी नसलेल्या खोलीत तुले म्याच घातलं.

तुह्या पत्रात "त्याचं कधी भलं होणार नाही" वाचलं, तेव्हा मी रडली नाही. म्हणलं, नको होऊ दे, पण हा वाचू दे. तेव्हाच सांगितलं असतं तर तू रागानं पुढचं वाचलं नसतं, म्हणून ठेवून दिलं. दवाखान्यात रोज सकाळी ठरवे, आज सांगाचं. तू डोळे उघडून "बाई, पाणी" म्हणे आणि माही हिंमत जाय.

ते पत्र दोन दिवस आधी पोचलं असतं तर तू पडलाच नसता, हे मले रोज रात्री दिसते. बाबाले म्या सगळं सांगितलं. ते एवढंच म्हणले, "वाचला ना." तू काय म्हणशीन ते लिही. नाही लिहिलं तरी समजंन.

बाई


अमरावती
८ जून १९६३

बाई,

जयभीम.

कागाळी तुही होती हे मले माहीत होतं. दवाखान्यातच, तू खाली दूध आणायला गेली होती तेव्हा सरांनी तो कागद माझ्या हातात दिला. बिचारे स्वतःला दोष देत होते. तुहं अक्षर मी ओळखणार नाही का? तू रोज सकाळी काहीतरी बोलायला तोंड उघडे आणि मिटे. मी पाहत होतो आणि झोपेचं सोंग घेत होतो. तुझ्यावर राग होता म्हणून नाही. तू बोलली असती तर मलेही बोलावं लागलं असतं.

सरांनी आणखी एक सांगितलं. यंत्राच्या काचेभोवती पाणी फिरतं, तपमान तेच राखतं. खिडक्या बंद करायची गरजच नव्हती. त्यांनी परवा खिडक्या उघड्या ठेवून माझी पाच मापं पुन्हा घेतली, चौथ्या घरात एक-दोनाचा फरक. मी त्यांना कधी विचारलंच नव्हतं. मला वाटायचं, विचारलं तर म्हणतील, याला एवढंही येत नाही.

यंत्र नागपूरला गेलं. सर म्हणतात, दिवाळीत पुन्हा मागवू. प्रबंध जाणार नाही. तब्येत बरी आहे, नखं आता पांढरी-गुलाबी आहेत. हे खरं आहे.

आता दुसरं खरं.

बाई, डाकेला शिव्या देऊ नको. तुझं पत्र अठराला नाही आलं. सोळाला आलं. गुरुवारी सकाळी, पहिल्याच टपालात. खुशालरावांनी हातात दिलं, ते जाणतात, आणि आजवर कोणाला बोलले नाहीत. सगळे धरून चालले की ते शनिवारी आलं, आणि मी तसंच राहू दिलं. तूही बारा दिवस तसंच समजत राहिली.

मी ते उभ्यानं वाचलं, तू म्हटलं तसं. लंगोटाचं वाचलं, फडक्याचं वाचलं, हात डोक्याला गेला आणि फडका काढून टाकला. तुझं सगळं पटलं. एका शब्दाचा संशय आला नाही. मग घडी घातली, खिशात ठेवलं, आणि कोठीत गेलो.

ब्युटिलची चार मापं राहिली होती. शेवटची चार, अ‍ॅनिलिन सगळ्यात जास्त असलेली. मनाशी म्हटलं, आज दोन, उद्या दोन, मग दवाखाना. गुरुवारी एकच झालं, हात हलत होता. शुक्रवारी एक. शनिवारी सकाळी तुझं पत्र पुन्हा काढून वाचलं. "एक मापसुद्धा घेऊ नको. तुह्या पाया पडते." वाचलं आणि आत गेलो. कुलूप उघडंच होतं, बाई. दार मीच लावून घेतलं. तू मले कोठीत घातलं नाही.

का गेलो, असं विचारशीन. मले वाटत होतं, अर्धवट आलेख घेऊन घरी आलो तर लोक म्हणतील, यायच्यानं हे होत नसते. ते ऐकायचं भ्याव मरायच्या भ्यावाहून मोठं होतं. तुला हे सांगायची लाज वाटते. पण तू आपली चूक लिहिली, मग मी माझी कशी झाकू?

आणि एक गोष्ट मी सराले, डॉक्टरले, कोणालेच सांगितली नाही. पडलो तेव्हा शुद्ध एकदम गेली नाही. थोडा वेळ होता. फरशी गालाला थंड लागत होती, श्वास येत नव्हता, आणि मले समजलं होतं का आपण मरून राहिलो. माणसाले म्हणे अशा वेळी आपली माणसं आठवतात. मी वाट पाह्यली, बाई. तू आठवली नाही. बाबा आठवले नाहीत. माय सुद्धा नाही. मी फक्त हिशेब करत होतो की दोन मापं राहून गेली.

दिवाळीत यंत्र परत येणार आहे. मले आता अ‍ॅनिलिनचं भ्याव वाटत नाही. माहंच वाटते.

तुहा,
देवमन